पापडचे कागद

हमरियाच्या गल्लीत, लाँड्रीला लागून,
कुंजुमोनचं टायपिंग सेंटर. एसी गळतो, खाली बादली.
तो विचारतो, मी सांगतो, तो दोन बोटांनी ठोकतो.

नाव?
पापड.
दुकानामागे पापडांच्या रिकाम्या खोक्यात सापडली होती,
मुठीएवढी, डोळे चिपडांनी मिटलेले.
अरबीत प नाही, ड नाही.
कागदावर ती झाली बाबाद.
मीही इथे अकरा वर्षं बाटणकर आहे,
हाक मारली की उठतो.

लिंग?
मांजर ते, पापड तो, आणि ही ती.
कुंजुमोन व्याकरणात पडला नाही, खूण करून मोकळा.

जात?
हा प्रश्न आला की मी अजून आधी दाराकडे बघतो.
तिने जांभई दिली.
मिक्स, कुंजुमोन म्हणाला,
आणि तसं छापूनही आलं.

जन्मतारीख दवाखान्यात ठरली.
डॉक्टर बुदूरने जबडा उघडून दात पाहिले,
म्हणाली, चार वर्षं, अंदाजे. तारीख तुम्ही सांगा.
मी सांगितली एक जून.
वडलांच्या गुरुजींनी वडलांना हीच लावली होती,
माझ्या गुरुजींनी मला.
आमच्या गावात अर्धी शाळा एका दिवशी जन्मली,
त्यात ही एक खपून जाईल.

मग मानेच्या कातडीखाली तांदळाएवढी चिप.
तिचे पंधराही आकडे मला पाठ झाले,
स्वतःच्या रेसिडेंट कार्डाचा नंबर मात्र अजून बघून लिहितो.
मग रेबीजची लस. आता महिनाभर थांबा.

मी आलो तेव्हा माझंही रक्त घेतलं होतं,
उघड्या अंगाने रांगेत उभं करून छातीचा फोटो,
आणि पासपोर्ट गेला कंपनीच्या कपाटात.
हिचा निळा आहे, माझ्या खिशात आहे.
फोटोत ती समोर बघत नाही,
खिडकीतल्या पारव्याकडे बघते.
चालतं म्हणे.

मुंबईहून ना-हरकत पत्र आलं, दोन चुकांसह, परत मागवलं.
आणण्याचं कारण: मालक कायमचा परत येत आहे.
कंपनी बंद झाली, हे लिहायला जागा नव्हती.

बशारत सियालकोटचा. वरच्या बंकवर.
नऊ वर्षं एक कुकर, एक बादली.
सार्डिनचे डबे तो आणायचा, वाळू मी बदलायचो,
आणि झोपायची ती त्याच्या पोटावर.
मालकाचं नाव, या रकान्याला ओळ एकच.

काल त्याने सगळे कागद ट्यूबलाइटखाली धरून वाचले,
शिक्क्यांवरून अंगठा फिरवला,
म्हणाला, मला जन्मात जो व्हिसा मिळणार नाही
तो या चोरटीला मिळाला.
हसला.
मग भांडी घासायला गेला.
भांडी मघाशीच मी घासली होती.

मालकाच्या वासाचं एखादं कापड ठेवा,
डॉक्टर म्हणाली होती, म्हणजे घाबरणार नाही.
मी माझा चौकडीचा शर्ट ठेवला.
तिने तो दोनदा ओढून बाहेर टाकला.
आज पहाटे बघतो तर पिंजऱ्यात बशारतचा बनियन,
काखेत उसवलेला, ग्रीसच्या डागाचा,
आणि त्यावर ती, नाकावर शेपूट घेऊन.
वरच्या बंकवर पांघरूण डोक्यापर्यंत,
घोरणं नव्हतं.

कार्गोवाल्याने काटा शून्यावर आणला.
पिंजऱ्यासकट सहा किलो दोनशे.
आत आणखी काही?
मी म्हटलं, कपडा.
कुणाचा, ते त्याने विचारलं नाही.